दुपारी मला दिसत नाही

बारकीवर कोणी विश्वास ठेवला नाही. एकानेही नाही. सगळ्यांनी माझ्यावर ठेवला, आणि माझे तर तेव्हा डोळे गेलेले. म्हणून आज बोलतेय. मी भिंतीवरची डबी. घरात कोणी हललं की बोंबलणारी, चोर धरायची डबी. दुकानात मला सेन्सर म्हणतात.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला. तारीख विचारू नका, पाठीवर नुसते आकडे आहेत. मुरबाडच्या दुकानातून हरेशने मला आणलं. हरेश म्हणजे देवजी आणि चंद्रकलाबाई यांचा मोठा मुलगा, वाशिंदला कंपनीत कामाला. धाकट्या समीक्षाचं लग्न ठरलं होतं, तिचं गंठण घरात आलं होतं, म्हणून कपाटाच्या खोलीत, वर कोपऱ्यात मला ठोकलं. माझ्याबरोबर एक कागद आला होता. खोली फार तापली तर मी नीट चालत नाही, असं त्यावर बारीक अक्षरात छापलेलं. चंद्रकलाबाईंनी त्यावर मिरच्या वाळत घातल्या.

मी काय बघते ते सरळ सांगते. चेहरा मला दिसत नाही. चोर, साव, मला सारखेच. प्रत्येक अंगातून ऊब बाहेर पडते, तुम्हाला न दिसणारी, ती मला कळते. माझ्या पोटात नखाएवढा तुकडा आहे, त्याचे दोन भाग. तोंडावरचं पांढरं प्लास्टिक खोलीचे पट्टे पाडतं. ऊब एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली की एका भागाला आधी कळतं, दुसऱ्याला मागून. दोघांचं जुळलं नाही की माझा लाल दिवा पेटतो, भोंगा सुरू होतो, समीक्षाच्या मोबाइलवर नोंद जाते. मला कोणी बंद केलं तरी तिला लागलीच कळतं.

पण खोलीच माणसाच्या अंगाएवढी तापली, तर माणूस आणि भिंत मला एकच. पिठात मीठ मिसळावं तसा माणूस मिसळून जातो.

हे घरात सगळ्यात आधी कळलं बारकीला. बारकी गावाबाहेरच्या आदिवासी वाडीवरची, भांडी आणि केरवारा करणारी. चैत्रातल्या एका दुपारी मी चालू आहे हे विसरून ती खोलीत कपडे न्यायला आली. मी गप्प.

"वयनी, ही डबी दुपारची झोपते वो. मी समोरून गेले, हूं नाय का चूं नाय."

"तुझ्यावर गेलीय गो. जेवली की डुलक्या," चंद्रकलाबाई म्हणाल्या.

सगळे हसले. हरेश हसला नाही. पुढच्या सुट्टीला भर दुपारी तो एकटाच खोलीत आला, माझ्यासमोरून चार वेळा चालला. दिवा पेटला नाही. बाहेर जाऊन तो कोणाला काही बोलला नाही.

वैशाखात राब भाजायचा दिवस आला. भाताची रोपं जिथे करायची त्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, तो राब. देवजीचं राबाचं शेत घराच्या पाठीशीच. धूर आणि राख आत येऊ नये म्हणून त्या दिवशी इथली माणसं दारं-खिडक्या गच्च लावून घेतात, यांनीही लावल्या. वर पत्रा, पाठीमागे जाळ. सकाळी बारकीने खोली झाडली, मग मला चालू करून सगळे राबावर गेले. बारकीही गेली.

दुपारी खोलीची भट्टी झाली. मी आंधळी. कान तेवढे शाबूत.

कुलूप चावीने उघडलं. कपाटही चावीने उघडलं. मग मोबाइल वाजला, आणि हरेशचा आवाज आला.

"हां, बोल आई. मी? वाशिंदला, कंपनीत. मशीनवर आहे, आता टाइम नाय."

आई तीस पावलांवर राब भाजत होती.

गंठण त्याने कशाला नेलं, कोणाला दिलं, मला ठाऊक नाही. ऐकलं ते सांगितलं.

संध्याकाळी चंद्रकलाबाईंनी कपाट उघडलं आणि किंकाळी फोडली. आदल्या रात्री गंठण तिथेच होतं. पोलीस पाटील धाकलू आला. समीक्षाने मोबाइल दाखवला. सकाळी बारकीने खोली झाडल्यावर डबी चालू केलेली. त्यानंतर संध्याकाळपर्यंत खोलीत कोणी आल्याची नोंद नाही, डबी बंद केल्याचीही नाही.

"दुपारभर तर ती आमच्या डोळ्यासमोर होती," देवजी म्हणाला.

"म्हणजे सकाळीच उचललं," हरेश म्हणाला. तेवढ्यात तो कंपनीतून आला होता म्हणे.

"नाय वो पाटील, मी नाय! ती डबी दुपारची झोपते, मी वयनींना सांगितलेलं. सांगा ना वयनी!"

वयनींनी तोंडाला पदर लावला.

"यंत्र काय टाइम बघून खोटं बोलतं?" हरेशने खिडक्या उघडल्या, पंखा लावला. थंड वारा आत आला. "चाल बारके समोरून. सगळ्यांना बघू दे."

"आता नको दादा. उद्या दुपारी बघा. एक दुपार बघा फक्त!"

"चाल," पाटील म्हणाला.

ती चालली. मी जीव खाऊन स्वतःला आवरू पाहिलं. पण आवरायला माझ्यात काही नाहीच, नखाएवढा तुकडा आणि एक दिवा. भिंती निवलेल्या आणि ती बाई घामाघूम, गरम, जिवंत. मी पेटले. भोंगा अख्ख्या गावाला ऐकू गेला.

"झालं समाधान?" हरेश म्हणाला.

समीक्षाचं लग्न झालं, दुसरं गंठण करून. आता त्या वाडीवरच्या एकाही बाईला गावात कोणी उंबऱ्याच्या आत घेत नाही. मी अजून त्याच कोपऱ्यात आहे. माणसं पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, हिनेच चोर धरला.

अरे, या एकदा भर दुपारी. खिडक्या लावा, पंखा बंद करा आणि चाला माझ्यासमोरून, पाटलासकट. मी गप्प बसेन, तेव्हा तरी तिचं ऐका. पाटलाच्या वहीत संशयित म्हणून एकच नाव आहे, आणि ते खोडायला कोणी येत नाही. बारकी जगन मुकणे.