अगदी समाधानी

पहिली घंटा पुरती वाजायच्या आत डोलोरेसनं फोन उचलला. दुसऱ्या हातात अर्धवट सोललेला बटाटा तसाच होता.

फोनची वाट बघण्यात एकोणीस दिवस गेले होते. नवऱ्याच्या, चेटच्या, घशाखाली घास उतरेना, तेव्हा नेहमीच्या डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळातल्या तज्ज्ञाकडे जायला सांगितलं. पण टोलेडो शहरात आता नुसत्या डॉक्टरच्या चिठ्ठीला विचारतो कोण! विमा कंपनीची परवानगी लागते. आणि कंपनी म्हणाली होती, आम्हीच फोन करू, दहा ते बाराच्या दरम्यान. ते दोन तास ती फोनपासून हलायची नाही.

“आरोग्य विम्याबद्दल आम्ही लोकांची मतं गोळा करतोय,” पलीकडून एक तरुण मुलगी म्हणाली. “पाचच मिनिटं द्याल?”

“कुठल्या कंपनीकडून बोलतेस?”

“कुठल्याच नाही, बाई. आम्ही हजार जणांना विचारतोय.”

डोलोरेसनं बटाटा खाली ठेवून रिसीव्हरवर तळहात दाबला.

“तेच आहेत,” ती चेटला म्हणाली. “आपली परीक्षा बघतायत.”

“मग दे इकडे. सांगतो त्यांना माझं मत, चार शिव्या हासडून!”

तीस वर्षं काचेच्या कारखान्यात भट्टीपुढे काढलेला माणूस. आता साधं सूपसुद्धा चमच्याच्या टोकानं घेत होता.

“तू गप्प बस. तुझ्या शिव्यांनी आपला कागद गठ्ठ्याच्या तळाशी जायचा.”

मुलीनं पुढचं वाचून दाखवलं, “आधी कंपनीची परवानगी लागणाऱ्या विमा योजनांमुळे आजारी माणसाला तज्ज्ञाकडे पोचणं सोपं झालंय, अवघड झालंय, की काहीच फरक नाही?”

चेटला ठसका लागला. घेतलेलं सगळं सूप रुमालात आलं. डोलोरेसनं त्याच्याकडे पाठ केली.

“सोपं झालंय.”

“आणि तुमच्या स्वतःच्या योजनेबद्दल?”

“समाधानी. अगदी समाधानी.”

लाजेनं तिचे कान तापले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय! चेटनं चमचा खाली ठेवला आणि तो तिच्याकडे बघत राहिला.

“आभारी आहे, बाई. एवढंच होतं.”

“अगं थांब, थांब! नाव लिहून घे ना. नोविकी. चेस्टर नोविकी, माझा नवरा. विम्याच्या कार्डाचा नंबर देऊ?”

“नावं आम्ही लिहीतच नाही,” मुलगी गोड आवाजात म्हणाली. “तुम्ही काळजी करू नका. तुम्ही काय सांगितलंत, ते कुणालाच कळणार नाही.”