आईची चिमूट

तिने पाचव्यांदा काचेवर नख वाजवलं. ठोंब्या हलला नाही. माशाच्या पेटीच्या वरच्या कोपऱ्यात एका कुशीवर कलंडून, पोट वर काढून तो तरंगत होता. मग त्याचा कल्ला एकदा उघडला, मिटला, आणि तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यापुरता.

"अहो, जिवंत आहे," ती म्हणाली.

"असेल की. मेल्यावर कळेलच," तिचा नवरा म्हणाला. त्याची पाठ तिच्याकडे होती. खिडकीपाशी टेबलावर वाकून, डोळ्याला भिंग लावून तो कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसला होता. रविवारीसुद्धा.

पुढच्या खोलीचंच दुकान केलेलं होतं. भिंतीवर दुरुस्तीला आलेली एकोणीस घड्याळं होती, आणि घड्याळजीच्या घरात दहा कधी एकदम वाजत नाहीत. चारपाच घड्याळांत वाजून गेले होते, बाकीच्यांत वाजायचे होते. दहाला मुलीचा दर रविवारचा फोन येणार होता आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला होता: ठोंब्या कसा आहे?

नाव मुलीनेच ठेवलं होतं. आणला त्या दिवशी हा सोनेरी गोळा काचेवर जाऊन आपटला, मागे आला, आणि पुन्हा तिथेच आपटला. "ठोंब्याच आहे!" म्हणून ती हसत सुटली होती. दीड वर्षापूर्वी तिने घर सोडलं तेव्हा त्याला बरोबर नेणं शक्य नव्हतं. जाताना तिने खाण्याच्या डबीवर पट्टी चिकटवली: 'रोज एक चिमूट. माझी. आईची नाही.'

आईची चिमूट म्हणजे मूठ, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. पण ठोंब्या काचेपाशी येऊन तोंडाची उघडझाप करायचा, आणि तिला वाटायचं, पोरीला नाही तर निदान पोरीच्या माशाला तरी पोटभर मिळू दे. मिळालं पोटभर. बुधवारी त्याचं पोट टम्म फुगलं आणि तो कलंडला.

"वहिनी, याला काय लग्नाचं जेवण घालत होता का?" माशांच्या दुकानदाराने मोबाइलवरचा फोटो बघून विचारलं. "तीन दिवस उपाशी ठेवा. कण घालायचा नाही. पोट उतरलं तर वाचेल."

तेव्हापासून डबी तिच्या पर्समध्ये होती. स्वतःच्याच हाताचा भरवसा नव्हता. ती वाचनालयात काउंटरवर बसायची. शुक्रवारी तिने बावीस पुस्तकांवर आदल्या दिवसाची तारीख मारली. शनिवारी तर सारखं वाटत होतं, शिक्का टाकावा आणि घरी पळावं. घरी माणूस होतं, पण असून नसल्यासारखं.

बापलेकीचं कधी काळी इतकं गूळपीठ होतं की तिला मत्सर वाटायचा. मुलगी दहा वर्षांची असल्यापासून बापाशेजारी बसायची. भल्याभल्यांना न दिसणारा स्क्रू ती चिमट्याने अलगद उचलायची, म्हणून बापाने तिचं नाव चिमटी ठेवलं. दुकान तीच चालवणार हे त्याने धरूनच चाललं होतं. आणि ती गेली, ती नाडी मोजणारी, फोन घेणारी घड्याळं बनवणाऱ्या कंपनीत.

"ज्यात चाक नाही त्याला मी घड्याळ म्हणत नाही," तो तेव्हा म्हणाला होता, "आणि ते बनवणारीला मुलगी म्हणत नाही."

त्यानंतर चिमटी हा शब्द घरात निघाला नाही. 'तुझी मुलगी' असं तो म्हणायचा, तेही अगदीच अडलं तर.

आणि आईशी तरी ती काय बोलणार? घरचा विषय काढला की बाप मध्ये यायचा, नोकरीचा काढला की भांडण. उरला ठोंब्या. दोघी अर्धा अर्धा तास त्याच्यावर बोलायच्या. त्याने काय खाल्लं, कुठल्या दगडामागे लपला, कसा रुसला. आता हा गेला तर दहा वाजता बोलायचं काय? बरं, मारला कुणी म्हणायचं? आईनेच!

फोन वाजला. नेहमीप्रमाणे तिने तो स्पीकरवर टाकला. आपल्याला कमी ऐकू येतं असं ती सांगायची. तिला चांगलं ऐकू यायचं.

"आई, ठोंब्या कसा आहे?"

"मस्त! खातोय, पितोय, हुंदडतोय नुसता."



"तिरका नाही ना अजून?"

"छे गं! तिरका कशाला असेल? सुतासारखा सरळ आहे."

"बरं," मुलगी म्हणाली. "जप त्याला. आणि तूही नीट जेवत जा."

फोन पाच मिनिटांत संपला. नवरा खुर्ची मागे सारून उठला आणि तिच्याकडे न बघता हात धुवायला आत गेला.

ती फोन हातात धरून उभी राहिली. अजून? तिरका नाही ना, हे ठीक. माशाची काळजी असलेलं माणूस विचारेल. पण अजून? ठोंब्या कलंडल्याचं तिने फक्त माशांच्या दुकानदाराला सांगितलं होतं, आणि त्याच्याकडे काही मुलीचा नंबर नव्हता.

ती पेटीपाशी वाकली. तळच्या वाळूवर हिरवे कण पडले होते. काल शेवाळ समजून तिने सोडून दिले होते. शेवाळ असं एकसारखं बारीक चिरलेलं नसतं. ती सरळ टेबलाशी गेली. पांढऱ्या कागदावर पितळी चाकं ओळीने मांडलेली होती, आणि त्यांच्या पलीकडे, सगळ्यांत बारीक चिमट्याशेजारी, मटारच्या दाण्याचं वाळलेलं साल होतं. तेही फाटलेलं नव्हतं. बारीक चीर देऊन अख्खं सोललेलं.

तिला राग आला. चांगला सणसणून आला. इथे आपण चार दिवस खोटं कसं बोलायचं याची तालीम करतोय, आणि हे गृहस्थ पाठ फिरवून, लेकीला विचारून त्याला मटार भरवतायत! कालच बोलले, की कधीपासून बोलतायत? आणि ती कार्टी! सगळं ठाऊक असून आईची थाप मुकाट ऐकून घेतली तिने. रागाच्या मागोमाग रडू आलं. ते तिने पदराने पुसलं आणि ती स्वयंपाकघरात गेली.

फ्रिजरमध्ये, बर्फाच्या ट्रेमागे, मटारचं पाकीट होतं. कोपरा कात्रीने सरळ कापलेला. घरात इतकं सरळ एकच माणूस कापायचं.

मटार उकडून ती वाटी घेऊन बाहेर आली तेव्हा तो पुन्हा टेबलाशी बसला होता. ठोंब्या कोपरा सोडून पुढच्या काचेपाशी आला होता. तिरकाच, पण आला होता. तिने वाटी चाकांशेजारी ठेवली. मटारमधून अजून वाफ येत होती.

"हे काय?"

"मटार. सालं तुम्हीच काढा. तुमचा हात हलका आहे."

तो वाटीकडे बघत राहिला. मग न राहवून बोललाच.

"अगं, पण एवढे? एक दाणा द्यायचा असतो, तोही अर्धा. तरी चिमटी म्हणालीच होती, आईला सांगू—"

आणि थांबला. भिंतीवरची घड्याळं आपापली वेळ पुढे ढकलत होती. त्याने घाईघाईने भिंग डोळ्याला लावलं.

ती स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसली. वाटीतला एक दाणा उचलून तिने कागदावर त्याच्यासमोर ठेवला, आणि उरलेले ती स्वतःच खायला लागली.