चिमणीच्या हातातला हत्ती

मित्रांनो, मी एक जुना कापडी हत्ती आहे. मला पोट नाही. पोटाच्या जागी भोक आहे, त्यातून हात आत घालायचा, मधलं बोट सोंडेत सरकवायचं आणि मला नाचवायचं. एका शिंपीणबाईंनी कुणाच्या तरी जुन्या कोटाचा उरलेला तुकडा घेऊन मला शिवलं. सारखी बटणं मिळाली नाहीत, म्हणून माझा एक डोळा मोठा आहे. मुलं हसतात. हसू देत, आमच्या खोलीत हसण्यासारखं फार काही नसतं.

ही खोली समुपदेशक बाईंची. ज्यांच्या मनाला काही लागलेलं असतं अशी मुलं इथे येतात. बाईंची एक रीत आहे. प्रश्न मुलाला विचारायचा नाही, हत्तीला विचारायचा, आणि उत्तर येईपर्यंत माझ्याकडेच बघायचं. मुलाकडे ढुंकूनही नाही. मग जे त्याच्या तोंडून निघत नाही, ते माझ्या तोंडून भडाभडा निघतं. किती हात आले नि गेले. सगळ्यांनी माझे लाड केले आणि बरं वाटताच मला विसरले. त्याचं मला वाईट वाटत नाही. थोडंसं वाटतं.

चिमणी आली तेव्हा तिने नखं पार कुरतडून टाकली होती. आठ वर्षांची पोर. बाबा घर सोडून गेले आणि हिची वाचाच बसली. ते कामासाठी बाहेर गेलेत, येतील, असं आई सांगत होती. पण खोटं बोलणं आईला जमत नव्हतं. चिमणी मला हातात घालून नुसती बसून राहायची. बाईंनीही घाई केली नाही.

एकदा त्यांनी विचारलं, हत्तीदादा, आज सोंड का लोंबतेय? आतलं बोट सोंडेत वळवळलं.

"चिमणीने चहाडी केली," मी म्हणालो. म्हणजे ती म्हणाली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. बाबांची नोकरी गेली होती. ते रोज तयार होऊन निघत आणि बागेत बाकावर बसून राहत. शाळेतून येताना चिमणीने त्यांना पाहिलं. आईला सांगू नकोस, असं त्यांनी बजावलं. पण तिच्या पोटात काही राहत नाही, तिने सांगितलं. घरात भांडण पेटलं आणि बाबा बॅग भरून गेले. आपल्या जिभेने घर मोडलं, असं तिने धरून ठेवलं होतं.

बाबांनाच विचारू या का, असं बाईंनी मला विचारलं. हळूच माझी सोंड वर झाली.

बाबा आले, छोट्या स्टुलावर अवघडून बसले. मी विचारलं, "चिमणीने सांगितलं म्हणून तुम्ही गेलात?"

ते गडबडले. हा काय पोरखेळ, माझ्याकडे बघून बोल, म्हणत त्यांनी मला तिच्या हातातून ओढून काढलं. तिचं उघडं बोट लगेच तोंडात गेलं. पुन्हा तोंडाला कुलूप. ते पाहून बाबांनी आपला हात माझ्यात कोंबला. माझ्या मानेची शिवण उसवली.

"नाही गं बाळा," ते माझ्या तोंडून म्हणाले. "आई-बाबांचं आधीपासूनच बिनसलं होतं. तुला गप्प बसायला सांगितलं, ती चूक माझी."

चिमणी माझ्याकडेच बघत होती. "मग बाबांना घरी यायला सांग ना, हत्तीदादा."

माझ्या आत त्यांची मूठ आवळली. येतील म्हणणं किती सोपं होतं.

"बाबा आता त्या घरी राहायला येणार नाहीत," ते म्हणाले. "तुला भेटायला येतील."

चिमणी रडली. मोठ्याने, स्वतःच्या आवाजात. कापडाला काळीज नसतं म्हणतात, पण माझं तुटलं.

मित्रांनो, मोठ्यांची भांडणं मोठ्यांची असतात, ती तुमच्या बोलण्याने होत नाहीत. मनात काही सलत असेल तर कुणाला तरी सांगा. आणि तुमच्या मोठ्यांना म्हणावं, आम्हाला खरं सांगत जा.

चिमणी अजून येते. आता तिला मी लागत नाही, ती स्वतःच्या तोंडाने बोलते. बोलते ते बहुतेक बाबांबद्दलच.