ठाणेदाराची बदली

कुत्र्याचं नाव ठाणेदार होतं, आणि पंजाबरावांनी ते गमतीने ठेवलेलं नव्हतं. मोर्शीकडच्या त्यांच्या संत्र्याच्या बागेत कोणीही यावं, झाडाखाली बसून पोटभर संत्री खावीत, असा रिवाज होता. फक्त जाताना हातात काही नको. ठाणेदाराला त्यांनी पिल्लू असल्यापासून तेवढंच शिकवलं. तो येणाऱ्यावर भुंकत नसे, चावत तर मुळीच नसे. पण कोणी पिशवी घेऊन फाटकाकडे वळलं, की शांतपणे येऊन त्याच्या पायावर बसायचा आणि पिशवी खाली ठेवल्याशिवाय उठायचा नाही.

दिवाळीनंतर पंजाबराव गेले. त्यांच्या मुलाने, शकुनच्या भावाने, बाग ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या कराराने, देऊन टाकली, आणि ठोकेदाराची स्वतःची कुत्री होती. तेरवी आटोपून पाहुणे निघाले तेव्हा ठाणेदार फाटकाशी बसून एकेकाचे हात बघत होता. शकुनने कोणालाही न विचारता त्याला गाडीत घातलं आणि अकोल्याला, जठारपेठेतल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं.

"पंजाबरावायची आठवण हाये, राहू दे," सासूबाई कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! घरात त्याच्यावर कोणी आवाज चढवायचा नाही, एवढं एकच शकुनने सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. ती स्वतः त्याच्याशी बोलायची ती आजाऱ्याशी बोलावं तशी.

दुसऱ्याच दिवशी कचरेवाली बाई बादली तिथेच टाकून निघून गेली. शकुनचा नवरा शेखर बँकेत जायला निघाला तर ठाणेदार त्याच्या बुटावर. शेवटी शेखर रोज सकाळी बाल्कनीतून दोरीने बॅग खाली सोडायचा, मग डबा सोडायचा आणि रिकाम्या हाताने जिना उतरायचा. खालचे लोक माना वर करून बघायचे.

"लग्नात मले पाह्यलं नसंन इतकं आता लोकं पाहून राह्यले," तो म्हणाला. पण दोरी त्याने चांगली जाड आणली होती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र हद्द झाली. कौशल्याबाईंनी वाण म्हणून स्टीलच्या चाळण्या आणल्या होत्या. बायका आल्या, ठाणेदाराने शेपटी हलवून सगळ्यांना आत घेतलं. हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, चाळण्या वाटल्या. मग वरच्या मजल्यावरच्या रागिणीबाई उठल्या, आणि ठाणेदार उंबऱ्यात त्यांच्या पायावर बसला.

"माय वो! याले काय पाह्यजे?"

"चाळणी," शकुन म्हणाली.

"कुत्र्याले चाळणी कायले पाह्यजे?"

शकुन खाली वाकली. "ठाणेदार, बाळा, ऊठ ना. त्या आपल्याच आहेत." ठाणेदाराने तिच्याकडे बघून शेपटी हलवली आणि बूड आणखी पक्कं रोवलं. मागे बायकांची रांग लागली. एकीच्या घरी गॅसवर दूध होतं, एकीचा नवरा खाली गाडी घेऊन उभा. अखेर सगळ्यांनी चाळण्या टीपॉयवर परत ठेवल्या आणि एकेक करून सुटल्या.

दिलेलं वाण परत घरात आलं! कौशल्याबाई सोफ्यावर बसल्या त्या उठेनात. "अवं शकुन, माह्या अख्ख्या जन्मात असं नाही झालं. आता लोकं काय म्हणतीन, का कौशल्यानं चाळण्या देल्या अन् कुत्र्याकरवी वापस घेतल्या?"

त्या संध्याकाळी शकुनने घरोघर जाऊन चाळण्या पोचवल्या. परत आल्यावर ती शेखरला म्हणाली, "त्याच्यासाठी जागा बघू या." त्याने मान हलवली. तीच आधी म्हणाली म्हणून त्याला बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही.

पहिली जागा मिळाली जुन्या शहरातल्या नत्थुजींच्या किराणा दुकानात. त्यांना राखणदार हवाच होता. "ओरडायचं तेवढं नाही हं," असं शकुनने बजावलं. सकाळी नेलेला ठाणेदार संध्याकाळी ऑटोत बसून परत आला. सोबत आलेले नत्थुजी घाम पुसत होते.

"ताई, कुत्रा एक नंबर हाये. इमानदार हाये. पण मले माल इकाचा हाये ना बाप्पा! गिऱ्हाईक तूरदाळ घेऊन निंघालं का हा पायावर. दिवसभर लोकं दुकानात आले अन् दुकानातच राह्यले."

मग कोणीतरी अमरावतीजवळच्या गोवर्धनचं नाव सुचवलं. नांदगाव पेठेच्या पुढे रस्त्याला लागून त्याची संत्र्याची बाग होती आणि जाणारे-येणारे पिशव्या भरून नेत असत. शकुन तीन रविवार काहीतरी कारण काढत राहिली. चौथ्या रविवारी कारण सुचलं नाही.

गाडीतून उतरताच ठाणेदाराने नाक वर केलं. मग तो झाडांच्या ओळींमधून असा चालत गेला, जणू मध्ये कुठे गेलाच नव्हता. गोवर्धनने परीक्षा म्हणून पिशवीत चार संत्री टाकली आणि स्वतःच्याच फाटकाकडे निघाला. ठाणेदार आला, पायावर बसला.

"अरे, मालकालेच धरते का बे?" गोवर्धन खूश होऊन हसत सुटला. "ठेवलाच म्हना याले!"

शकुनला आता तिथे थांबायचं नव्हतं. ती फाटकाकडे चालू लागली. मागे पावलं येतात का, याकडे तिचं सगळं लक्ष होतं. पावलं आली. ठाणेदार तिच्या बाजूने पुढे झाला, त्याने तिचे दोन्ही हात बघितले, रिकामे होते, आणि तो बाजूला झाला. इतर कोणासाठी व्हायचा तसाच. शकुन रस्त्यावर आली.

"थांब वो बाई!" गोवर्धनची आई इंदूबाई पदर खोचत धावत आल्या. "लेक कोनाच्या दारातून रिकाम्या हातानं जाते का?" त्यांनी शकुनला आत ओढलं, संत्र्यांनी भरलेली पिशवी तिच्या हातात कोंबली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

ठाणेदार आला आणि शकुनच्या पायावर बसला.

ऊन उतरलं होतं. पावलावर त्याचं ऊबदार वजन होतं. पिशवी खाली ठेवली की सुटका होती, पण शकुनने ती ठेवली नाही. शेखरने गाडीतून एकदा हॉर्न वाजवला आणि मग तिचा चेहरा बघून हात मागे घेतला.

"अबे ए भाड्या!" इंदूबाई कडाडल्या. "कोनाले अडवून राह्यला? घरची लेक हाये ते! ऊठ, नाही तं घालीन पाठीत!"

ठाणेदार ताडकन उठला. कान मागे पडले, शेपटी गरगर फिरू लागली, सगळं अंग आनंदाने वाकडं झालं. इतके महिने त्याला कोणी धड शिवी घातली नव्हती. पंजाबराव दिवसातून दहादा घालायचे. तो धावत जाऊन इंदूबाईंच्या लुगड्याला चिकटून उभा राहिला.

शकुनला आधी हसू आलं, आणि मग चार महिने न आलेलं रडू. ते तिने पदराने पुसलं.

"काकू," ती म्हणाली, "याला रोज एकदा तरी रागवत जा."

"थे काय सांगा लागते?" इंदूबाई म्हणाल्या. "आमच्या घरी सगळ्यायलेच शिव्या खा लागतेत."