ओठ मिटणारा शब्द

मी एक जुना लाकडी स्टँड आहे, मित्रांनो. माणसाच्या छातीइतका उंच, पाय एकच पण जाडजूड, आणि माथ्यावर कागद ठेवायला एक उतरती फळी. चर्चमध्ये ग्रंथ ठेवायला असतो, साधारण तसाच. पण माझे आयुष्य चर्चमध्ये गेले नाही. ते गेले रोममधल्या एका अंधाऱ्या, आवाज शोषून घेणाऱ्या गुबगुबीत भिंतींच्या खोलीत, जिथे परदेशी चित्रपटांना आणि मालिकांना आमच्या भाषेतले आवाज दिले जात.

मला आगोस्तिनो नावाच्या सुताराने घडवले. त्याचा मुख्य धंदा चर्चचे बाक बनवण्याचा. गिऱ्हाइकाने त्याला बजावले होते की कागद उलटला तरी खसखस ऐकू येता कामा नये. म्हणून त्याने माझ्या फळीवर मऊ कातडे ताणून बसवले. "पंचवीस वर्षं लाकूडकाम करतोय," तो बायकोला म्हणाला, "पण मुकं लाकूड आजच मागितलं कुणी!"

मी मुका राहिलो, पण बहिरा नव्हतो. समोर पडद्यावर चित्र चाले, कलावंत माझ्यापाशी उभे राहून कागदावरचे संवाद बोलत, आणि पडद्यावरचे ओठ हलतील तसाच आपला शब्द बसवत. शब्द आणि ओठ यांचा मेळ बसला नाही, तर दिग्दर्शक उबाल्दो क्रेशेन्त्सी काचेपलीकडून ओरडे, "पुन्हा!" दिवसातून शंभर वेळा तरी मी तो शब्द ऐकत असे. उबाल्दो मनाने वाईट नव्हता. मात्र ज्यांच्याकडून काम मिळे, त्यांच्यापुढे तो मान तुकवी.

एर्सिलिया आमच्याकडे आली तेव्हा बावीस वर्षांची होती. तिचा आवाज जाड, थोडा खरखरीत. पहिल्या दिवशी उबाल्दो म्हणाला, "हा आवाज आहे की कॉफी दळायचं यंत्र?" पण दोन वर्षांत त्याच आवाजाला मोठमोठ्या नायिका मिळू लागल्या. ती आली की आधी चपला काढायची, अनवाणी उभी राहायची आणि डावा हात माझ्या कडेवर ठेवायची. भूमिका रडवेली असली की तिचा हात गार पडे. त्या हातावरून मला तिचे मन कळे.

तिला न्यायला कधीकधी नीवेस यायची. नीवेस नगरपालिकेच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवी. रुंद खांदे, आखूड केस, आणि हसली की सगळा जिना दुमदुमे. एर्सिलियाने तिची ओळख करून दिली होती, "ही माझी चुलत बहीण. त्रिएस्तेची. आम्ही एकत्र राहतो, भाडं वाचतं." सर्वांनी ते मानले. फिआमेत्ता नावाची दुसरी कलावंत होती, बडबडी आणि प्रेमळ. तिने तर नीवेससाठी स्थळे बघायचा सपाटाच लावला. एकदा भाजीवाल्या विधुराचे, एकदा स्वतःच्या दिराचे.

मग १९८५ साली आमच्याकडे उत्तरेकडच्या एका देशातली मालिका आली. खाडीकाठचे गाव, तिथली जनावरांची डॉक्टर सिग्ने आणि होडी चालवणारी तोरुन. सिग्नेला आवाज एर्सिलियाचा, तोरुनला फिआमेत्ताचा. मालिका एका खासगी वाहिनीवर रात्रीच्या जेवणाच्या वेळी लागणार होती. त्या दोघींचे एकमेकींवर प्रेम होते. चोरटे नव्हे, साधे घरगुती प्रेम. एक मासे साफ करी, दुसरी भांडी घासे. भांडण झाले की दोघी दोन दिवस बोलत नसत.

पण माझ्या फळीवर जे कागद आले, त्यांत उबाल्दोने निळी पेन्सिल चालवली होती. वाहिनीचा निरोप होता, 'दोघींना चुलत बहिणी करा.' जिथे जिथे 'आमोरे' होते, म्हणजे 'माझ्या जिवा', तिथे तिथे ते खोडून 'कुजीना' लिहिले होते. कुजीना म्हणजे चुलत बहीण.

पहिले काही भाग तसेच उरकले. मग बंदराच्या धक्क्यावरचा प्रसंग आला. तोरुनची होडी धुक्यात दोन दिवस हरवलेली आहे. सिग्ने धक्क्यावर उभी आहे. होडी दिसते, तोरुन उतरते, आणि सिग्ने धावत जाऊन एवढेच म्हणते, "आलीस, आमोरे." कागदावर मात्र होते, "आलीस, कुजीना."

एर्सिलिया ते बोलली. उबाल्दो म्हणाला, "पुन्हा!" तिने पुन्हा म्हटले. पुन्हा चुकले. सात वेळा झाले. तिचा हात माझ्या कडेवर बर्फासारखा गार पडला होता.

"बसत नाही, उबाल्दो," ती शेवटी म्हणाली. "त्या बाईचे ओठ बघा. शब्दाच्या मध्ये एकदा मिटतात. आमोरे म्हणताना मिटतात. कुजीना म्हणताना मिटत नाहीत."

"ओठ कोण बघतंय? लोक ताटात बघत असतात."

"मी बघतेय ना. जिचा जीव परत आलाय, ती धावत जाऊन 'चुलत बहिणी' म्हणून हाक मारेल? तुमची बायको बाजारातून आली तर तुम्ही काय म्हणता, 'आलीस, मामेबहिणी'?"

फिआमेत्ता फिस्सकन हसली. उबाल्दो हसला नाही. "हे बघ, बाई," तो काचेमागून खालच्या आवाजात म्हणाला, "वाहिनीवाल्यांना नको आहे. आवाज तुझा आहे, पण सही माझी आहे. आणि आवाज बदलता येतो."

आठव्या वेळी एर्सिलियाने "आलीस" म्हटले, मग एक श्वास घेतला, आणि त्या श्वासानंतर हळूच "कुजीना" म्हटले. त्या श्वासात एवढे काही होते की ध्वनिमुद्रण यंत्रावरचा माणूससुद्धा मान खाली घालून बसला. "चालेल," उबाल्दो पुटपुटला.

त्यानंतर काय झाले, ते मला पुष्कळ पुढे, तिने फिआमेत्ताला सांगितले तेव्हा कळले. तो भाग लागला तेव्हा दोघी घरी जेवत होत्या. नीवेसने काटा खाली ठेवला आणि म्हणाली, "बरोबरच बोललीस की. तू मला तेरा वर्षं जिन्यावर लोकांसमोर हेच म्हणतेस." रागाने नाही, सहज म्हणाली. म्हणूनच ते एर्सिलियाला जास्त लागले.

आणि पत्रे येऊ लागली. आवाजाच्या कलावंतांना कोण पत्र लिहितो? नाव पडद्यावर भुर्रकन येऊन जाते. तरीही आली, कुणाची सहीची, कुणाची बिनसहीची. एक पत्र तिने माझ्या फळीवर ठेवून मोठ्याने वाचले. दक्षिणेतल्या डोंगराळ गावातल्या एका शाळामास्तरणीने लिहिले होते, 'बाई, त्या दोघी चुलत बहिणी नाहीत. तुमच्या आवाजाला ते ठाऊक आहे. माझं वय एकावन्न. माझ्यासारखं कुणी पडद्यावर असू शकतं, हे मला त्या श्वासामुळे पहिल्यांदा कळलं. पण एक सांगा, आम्हाला नुसत्या श्वासावरच राहावं लागणार का?'

एर्सिलियाने पत्राची घडी घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती नीवेसचा हात धरून खोलीत आली. सगळे कॉफी पीत होते.

"ही नीवेस," ती म्हणाली. "तुम्ही ओळखता, पण मी ओळख चुकीची करून दिली होती. ही माझी चुलत बहीण नाही. माझी जोडीदार आहे. भाडं वाचवायला नाही, आवडतं म्हणून आम्ही एकत्र राहतो."

मग फिआमेत्ताने कपाळावर हात मारला. "अगं भवाने! म्हणजे इतकी वर्षं मी हिच्यासाठी नवरे शोधत फिरले, आणि तू मजा बघत होतीस? माझ्या दिराने नवा सूट शिवला होता गं!"

नीवेस अशी हसली की माझा पायसुद्धा थरथरला. फिआमेत्ताने तिला मिठी मारली. उबाल्दो मात्र कपात बघत राहिला.

मित्रांनो, गोष्ट इथेच हसून संपली असती तर किती बरे झाले असते. पण बातमी वाहिनीपर्यंत पोहोचली. कुणी तोंडावर काही बोलले नाही. नायिका मात्र दुसऱ्यांकडे जाऊ लागल्या. एर्सिलियाला चेटकिणी मिळाल्या, कजाग सासवा मिळाल्या, एकदा तर बोलणारी शेळी मिळाली. उबाल्दो तिच्यासाठी कपड्यांच्या साबणाच्या जाहिराती राखून ठेवी. तेवढेच त्याला जमे. एके दिवशी ती म्हणाली, "शेळीचं काम मी मन लावून केलं, उबाल्दो. पण आता पुरे." तिने चपला घातल्या आणि ती गेली. पुढे ती दृष्टिहीनांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करू लागली, असे कानावर आले.

माझेही दिवस फिरले. कागद गेले, चकचकीत पडदे आले. धातूचे हलके स्टँड आले. मला अडगळीच्या खोलीत ठेवले गेले. तिथे छत गळायचे, म्हणून माझ्या फळीवर बादली ठेवली. ज्या कातड्यावर राण्यांचे संवाद विसावले, त्यावर गंजकी बादली! कातडे फुगले, एका कोपऱ्यात फाटले. वर्षानुवर्षे कुणी आले नाही. मी रुसलो होतो, खोटे कशाला बोलू? पण रुसायलाही समोर कुणीतरी लागते.

मग एका सकाळी दार उघडले. उबाल्दो केव्हाच वारला होता. आता त्याची मुलगी झेलिंदा दिग्दर्शक होती. तिच्यामागे काठी टेकत एर्सिलिया उभी. चौऱ्याहत्तर वर्षांची, केस पांढरेशुभ्र.

"हाच तो!" ती म्हणाली. "अरे देवा, याच्यावर बादली कुणी ठेवली? धातूच्या त्या काडीला मी टेकले तर दोघं मिळून पडू."

झाले होते असे. त्या उत्तरेकडच्या लोकांनी छत्तीस वर्षांनी मालिकेचा पुढचा भाग काढला होता. त्याच दोन नट्या, आता म्हाताऱ्या. आणि कथेत सिग्ने आणि तोरुन लग्न करतात! इटलीतल्या नव्या वाहिनीची पंचाईत झाली. आमच्याकडे त्या दोघी चुलत बहिणी ना! झेलिंदाने ठरवले, नव्या भागांना जुनेच आवाज घ्यायचे, आणि जुन्या भागांतला खोटेपणा दुरुस्त करायचा.

"निळी पेन्सिल बाबांची होती," ती एर्सिलियाला म्हणाली. "मी बाबांची बाजू घेणार नाही. पण ते कागद त्यांनी फेकले नव्हते. मूळ शब्द खाली अजून वाचता येतात."

"तुझा बाप भित्रा होता, पोरी," एर्सिलिया म्हणाली. "पण शेळीचं काम त्यानेच मिळवून दिलं होतं. चल, कामाला लागू."

फिआमेत्ताही आली, जांभळ्या केसांची. दोघींनी लग्नाचा प्रसंग एका दमात केला. काचेपलीकडे खुर्चीवर नीवेस बसली होती. तिला आता कमी ऐकू यायचे, म्हणून ती मोठ्याने विचारायची, "झालं का लग्न? मग जेवायचं कधी?"

उरले जुने भाग, आणि त्यांतला पहिला घेतला धक्क्यावरचा प्रसंग. एर्सिलिया चपला काढून माझ्यापाशी उभी राहिली. पडद्यावर तरुण सिग्ने धावली. "आलीस, आमोरे," एर्सिलिया म्हणाली. ओठ अगदी नेमके जुळले. पण आवाज जुळला नाही. पस्तिशीतल्या बाईच्या तोंडून आजी बोलत होती. तिने पुन्हा केले. आणखी तीनदा केले. झेलिंदाला 'पुन्हा' म्हणवेना.

"नाही जमत," एर्सिलिया हळूच म्हणाली. "ज्या वयात म्हणायचा होता, त्या वयात म्हणू दिला नाही. आता शब्द आहे, वय नाही." तिने हात माझ्यावरून काढला. "कुणा तरुण मुलीला बोलवा."

देल्फिना नावाची मुलगी आली, सत्तावीस वर्षांची. तिने कागदावर नजर टाकली, पडदा पाहिला आणि म्हटले, "आलीस, आमोरे." इतके साधे, जणू सकाळी दार उघडताना म्हणावे.

एर्सिलियाने हात वर केला. "थांब. अगं, ती दोन दिवस मरणाच्या भीतीत होती. शिवाय हा शब्द... यासाठी लोकांनी फार वाट पाहिली आहे. जरा जड म्हण."

देल्फिना गोंधळली. "जड का, आजी? तिचं माणूस घरी आलं ना? मीसुद्धा रोज संध्याकाळी कार्लोत्ताला असंच म्हणते. ती ट्रामने येते, धुक्यातून नाही, एवढंच."

एर्सिलिया काचेकडे वळली. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. "झेलिंदा, पुन्हा नको. हेच ठेव. आम्हाला तो शब्द जड होता. हिला तो हलका आहे. हलकाच राहू दे."

"काय म्हणाली ती?" नीवेसने विचारले.

"आमोरे म्हणाली!" सगळे एकदम ओरडले.

"मग त्यात एवढं काय?" नीवेस म्हणाली, आणि सगळी खोली हसली.

आता माझे कातडे नवे आहे, आणि मला रोज काम आहे. मित्रांनो, लाकडाला ओल खाते, पण कुणी पुसले, तेल लावले, तर ते पुन्हा उभे राहते. माणसाचे तसे नसते. त्याचे नाव, त्याचे प्रेम कुणी खोडून ठेवले, तर ते मागे सापडते खरे, पण तोवर त्याची तरुण वर्षे निघून गेलेली असतात. म्हणून एवढेच मागतो. कुणी तुम्हाला आपल्या माणसाची ओळख करून दिली, तर ती जशी दिली तशीच घ्या, आणि पुढे सांगताना तिच्यात काही खोडू नका.