दोऱ्याची खाच

"परत तोंड आलं? मग हे सुनेच्या तिखटाचंच काम," नवरा ताटावरून म्हणाला.

शिंपीणबाईंनी त्याला हातानेच गप्प केले. बोलायला ओठ हलला की आतला फोड असा ठणकायचा, की डोळ्यांत टचकन पाणी यायचे. सून खाली मान घालून वाढत होती. बिचारीने तिखटाचा डबा केव्हाच माळ्यावर टाकला होता. सगळे घर मिळमिळीत जेवत होते आणि खापर मात्र तिच्याच डोक्यावर. परवा तर ती माहेरी जायला पिशवी भरत होती.

आता बास. चोर धरायचाच.

सल्ले काय, पैशाला पासरी. नणंद म्हणाली, उष्णता. शेजारीण म्हणाली, टूथपेस्ट बदला. बदलली. डॉक्टर म्हणाले, रक्त तपासा. तपासले, ठणठणीत निघाले.

"कसली काळजी करता का?" त्यांनी विचारले.

"तुम्ही विचारलंत तेव्हापासून करतेय."

शेवटी त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंपुढे आ वासून बसल्या.

"फोड दर वेळी इथंच?"

"इथंच. हलत नाही मेला."

"तोंड यायची कारणं पुष्कळ. पण जागा एकच असेल, तर मी आधी फोडाचा शेजारी बघते." डॉक्टरीणबाईंनी आरसा धरला. "दोरा दातानं तोडता ना?"

वरच्या दाताला बारीक खाच पडली होती, कडेची कपची उडून धारदार झालेली. आईच्या दातालाही अशीच खाच होती. हसली की दिसायची. शिवण तिनेच शिकवले, आणि दोरा तोडणेही.

"घासून सपाट करू?"

शिंपीणबाईंनी जिभेने ती खाच एकदा चाचपली.

"करा. घरी एक निरपराध पोर शिक्षा भोगतेय."

फोड गेला, तो पुन्हा फिरकला नाही. मग एका सकाळी स्टुलावर चढून त्यांनी तिखटाचा डबा खाली काढला आणि नवऱ्यादेखत सुनेपुढे ठेवला.

"चोर माझ्याच तोंडात होता. आता भाजी भाजीसारखी कर."

"किती घालू, आई?"

"तुझ्या हाताला येईल तेवढं. आणि अहो, हिला जे म्हणायला हवं ते आता तुम्हीच म्हणा. मला शिवण आहे."

पाठीमागे नवरा घसा खाकरत राहिला.

बाही शिवून झाली. सवयीने त्या दोऱ्यावर वाकल्या. जीभ खाच शोधत गेली. दात गुळगुळीत होता. मग ओठ मिटून त्यांनी कात्री उचलली.