पेलाभर दुधीचा रस

सर्जेराव आयुष्यभर स्वयंपाकघरात डोकावले ते फक्त चहाला उशीर का झाला हे विचारायला. खडकीच्या कारखान्यातली नोकरी संपली, तरी घरातली तपासणी काही संपली नाही. "मीठ महाग झालंय का?" असं ते ताटावरून विचारत आणि प्रेमलाबाई मुकाट्याने मिठाचं भांडं पुढे सरकवत. माणूस वाईट नव्हता. जिभेला लगाम नव्हता, इतकंच.

त्या वर्षी प्रेमलाबाईंची शुगर फार वर गेली आणि सर्जेराव मनातून हादरले. तसं बोलून दाखवतील तर ते सर्जेराव कसले! त्यांनी सरळ उपाय सुरू केले. सकाळी मैदानावर फिरायला येणाऱ्या मंडळींत प्रत्येक जण अर्धा डॉक्टर. कुणी मेथ्या सांगितल्या, कुणी जांभळाच्या बियांची पूड. दुधीच्या रसावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. सर्जेरावांनी घरी येऊन बायकोकडून मिक्सर कसा लावायचा ते शिकून घेतलं.

तेव्हापासून रोज सकाळी ओट्यावर साली, बिया आणि पाण्याचा नुसता राडा. पण रस ते स्वतः गाळत, स्टीलच्या पेल्यात ओतत आणि प्रेमलाबाईंच्या हातात देऊन त्या तो संपवेपर्यंत समोर उभे राहत. रसाला चव म्हणून नव्हती. तरी प्रेमलाबाई त्या पेल्याची वाट बघायच्या. लग्न झाल्यापासून या माणसाने त्यांना आयतं असं काही दिलंच नव्हतं. या वयात एवढ्याशा गोष्टीने हुरळून जायचं, याची त्यांना जरा लाजही वाटे. ओटा त्या मागाहून गुपचूप पुसून घ्यायच्या.

एकदा लोणी काळभोरहून धाकटे दीर गेनबा आले, ते पिशवीभर दुधी घेऊनच.

"वैनी, बांधावरचा वेल हाय, आपसूक उगवलेला. ना खत, ना फवारणी. दादाला म्हणावं, आता याचाच रस काढ."

सर्जेरावांना कोण आनंद झाला. दुसऱ्या दिवशी पेला जरा जास्तच भरलेला होता.

पहिल्याच घोटाला प्रेमलाबाईंच्या जिभेवर जहर उतरलं. दुधी चिरताना आधी एक काप जिभेला लावून बघायचा आणि कडू निघाला तर सगळा टाकून द्यायचा, हे त्यांना माहेरी शिकवलेलं होतं. मिक्सर लावणाऱ्या नवऱ्याला ते कुठून ठाऊक असणार? त्यांनी वर पाहिलं. बनियनवर हिरवे शिंतोडे उडालेले, आणि सर्जेराव निकालाची वाट बघत असल्यासारखे उभे.

"गावचा आहे. चव वेगळी लागते ना?"

"छान आहे," प्रेमलाबाई म्हणाल्या. औषध आहे, असेल कडू, अशी मनाची समजूत घालून वेड्या बाईने पेला रिकामा केला.

तासाभरात उलट्या सुरू झाल्या, मग उलटीतून रक्त पडलं. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांची शुद्ध हरपत चालली होती. कानावर पडलं ते एवढंच, डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "रस कडू होता का? कडू दुधी विषारी असतो, काका. कुणी चाखला नव्हता?"

"नाही हो," सर्जेराव म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला प्रेमलाबाईंनी कधी ऐकला नव्हता.

जिवावरचं टळलं. प्रेमलाबाईंना नीट बोलता येऊ लागलं तेव्हा सर्जेराव स्टुलावर बसून होते, दाढी वाढलेली, बनियन तेच.

"कडू होता?"

"होता."

"मग बोलली का नाहीस? तुझ्या भाजीत चिमूटभर मीठ कमी पडलं तरी मी तोंडावर सांगतो."

"म्हणूनच नाही बोलले," प्रेमलाबाई म्हणाल्या. "ऐकणाऱ्याला काय वाटतं, ते मला माहीत आहे."

सर्जेरावांनी त्यांचा सलाईन नसलेला हात दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि ते रडू लागले. "असू द्या हो" हे नेहमीचे शब्द प्रेमलाबाईंच्या ओठांपर्यंत आले होते. त्यांनी ते गिळले आणि नवऱ्याला रडू दिलं.